रंग सुटतो म्हणून

तक्रार आली ती दोनच शब्दांची: रंग सुटतो.
ट्युनिशियात, हम्मामेतच्या किनाऱ्यावरच्या एका हॉटेलात
आमच्या अक्कलकोट रोडचे आठशे टॉवेल
गोऱ्या पाहुण्यांच्या पाठी निळ्या करायलेत.
शेठ म्हणाले, एमुल मास्तर, निळा तुमचा,
तुम्हीच जाऊन निस्तरा.

एकोणतीस वर्षं सुताला रंग पाजतोय मी.
पासपोर्टच्या वेळी ठसे घेणारी पोरगी
माझा अंगठा दोनदा पुसून बघत होती.

निस्तरायला तासभर लागला.
खोक्यातून काढलेले टॉवेल तसेच पसरले होते खुर्च्यांवर.
हातवारे करून सांगितलं: थंड पाण्यात दोनदा खंगाळा, मग द्या.
मुन्सिफ, त्यांचा धुलाईवाला, हसला,
समुद्राकडे बोट करून काहीतरी म्हणाला.
बहुतेक, पाण्याला काय तोटा, असंच असणार.

परतीचं तिकीट तीन दिवसांनी होतं
आणि मला काहीच काम नव्हतं.

हे कसं करतात, कुणी शिकवलेलं नाही.
आरामखुर्चीत बसलो तो बँकेत बसल्यासारखा,
पायात बूट, मांडीवर पिशवी,
पिशवीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी.
शेजारची म्हातारी पुस्तक तोंडावर पालथं घालून झोपलेली;
तिच्या टॉवेलच्या काठाचे टाके मी मोजले.
घसरून पडलेले टॉवेल घडी करत गेलो, चार, पाच, नऊ.
शेवटी मुन्सिफनं येऊन हातातला काढून घेतला,
खांद्याला धरून आडवं केलं मला,
तापातल्या पोराला करतात तसं.

दुसऱ्या दिवशी बूट निघाले.
तिसऱ्या दुपारी केव्हातरी
लाटा मोजायच्या राहून गेल्या.
मागांच्या खडखडाटात वाढलेला हा कान,
त्याला पहिल्यांदा एकेक आवाज सुटा ऐकू आला:
पेल्यात चहाची धार,
लांब कुठं दोर ओढणारे कोळी,
आणि मीच, श्वास घेत.
संध्याकाळी मुन्सिफनं जाईच्या कळ्यांचा बारका झुबका
माझ्या कानामागं खोचला. तिथं बाप्येच घालतात म्हणे.
कुणी हसलं नाही. मीपण नाही.

फक्त समुद्रात उतरलो नाही.
गुडघ्यापर्यंत गेलो, थांबलो.
कारण कुणाला बोललो नव्हतो ते मला ठाऊक होतं:
त्या लॉटची शेवटची धुलाई मीच गाळली होती.
त्या आठवड्यात टँकर नव्हता,
हौदात वीतभर पाणी, गेटात कंटेनर.
आणि समोर हे. एवढं.
नुसतं येतंय, परत जातंय,
कुणी भरून घेत नाही.

आता मे. दाजी पेठ. रात्रीचे दोन.
गच्चीची फरशी अजून पाय भाजते.
पाणी आज सुटणार, पाचव्या दिवसाचं;
कनकलक्ष्मीनं घागरी, बादल्या, पातेली
आणि रंगाचा एक रिकामा ड्रम खाली मांडून ठेवलाय.
रिजेक्टमधला निळा टॉवेल अंथरून
मी आडवा, मुन्सिफनं केलं होतं तसा.
"काय करायलाव?" ती जिन्यातून.
काही नाही.
"काही नाही म्हणजे?"
ये, दाखवतो.

ती बसली, टेकली नाही.
हात गुडघ्यावर, पदर खोचलेला, कान नळाकडे.
मग म्हणाली, "उठा की, पाठ निळी होईल,"
आणि स्वतःच हळूच कलंडली माझ्या शेजारी.
खाली नळानं पहिला खोकला काढला,
नुसती हवा, मग एक थेंब, मग बारीक धार.
आम्ही दोघं ऐकत पडून राहिलो,
एक बादली भरून वाहू लागेल एवढा वेळ.