पातळ काप

दोरिंदाच्या स्वयंपाकघरात सुरी नाही.
पाव कापायचा झाला की ती दोन जिने उतरते,
एलादियोच्या ओट्यावर उभ्या उभ्या कापते
आणि काप फडक्यात गुंडाळून वर नेते.
'आमच्या सुरीची धार गेलीय,' असं सांगितलेलं.
त्याला आता अकरा महिने झाले.
पण एलादियोनं जन्मभर मारीनच्या बंदरावर जाळी विणली;
कुठली गाठ ओढायची नाही, त्याला कळतं.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा तिनं बाही खाली ओढली.
मग ब्राइसच्या दाराचं भोक दाखवलं, मुठीएवढं,
वर जहाजांचं कॅलेंडर चिकटवलेलं, गेल्या वर्षीचं.
'माझं बोट धरल्याशिवाय झोपत नसे,' म्हणाली,
जणू तोच त्याचा जामीन.
बाप घरी असताना कोण कुणाला मारायचं, मी विचारलं.
ती भांडी घासू लागली.
स्वच्छ भांडी.

पोलीस नकोत. पोटच्या पोराचं नाव त्या कागदावर नको.
मग आम्ही पत्र लिहिलं. चार बुधवार लागले.
पहिल्या खर्ड्यात सात वेळा 'माफ कर'.
मी एकही खोडलं नाही.
तिनंच खोडले, शेवटचा सोडून.

ठरलं ते इतकंच:
एलादियोला खरं सांगायचं, बहिणीलाही.
रविवारी पोराच्या खोलीत जमिनीवर बसायचं,
पत्र वाचायचं आणि गप्प राहायचं, तासभर.
विनवायचं नाही, भांडायचं नाही.
बाहेर एलादियो, रेडिओ न लावता.

मी तिथे नव्हते. फोनशेजारी होते.
आधी उशी आली म्हणे, मग बूट,
मग एक शिवी, अगदी बापाच्या आवाजात.
चाळिसाव्या मिनिटाला: 'अजून किती वेळ?'

त्यानंतर सगळं सुरळीत झालं, असं नाही.
मार्चमध्ये बशा फुटल्या. एकदा तिचं मनगट.
त्या रात्री तिला बहिणीकडे मीच पोचवलं.

काल जिना चढताना ब्राइस दिसला,
काखेत पाव, मला ओळख न देता
एलादियोच्या दारावर टकटक करणारा.
म्हाताऱ्यानं ओट्याकडे बोट दाखवलं.
पोरगा कापू लागला, जाड, वाकडं.
'तुझ्या आईला पातळ लागतात.'
त्यानं मान न उचलता सुरी जरा अलीकडे धरली.

मी तेव्हा एक पायरी मागे सरले होते,
हे मला वर पोचल्यावर कळलं.