साजाच्या अलीकडे

तीन वाजता मीटिंग. एसी अठरावर.
पडद्यावर मी काढलेला शारजाचा नकाशा
आणि त्यावर एक लाल वर्तुळ,
जे दुपारभर पूर्वेला सरकत राहिलं.

काम चांगलं आहे, सगळे म्हणाले.
शंभर खाटा, न्हाणीघर, एक डॉक्टर, एक वकील.
व्हिसा संपलेल्यांसाठी, पगार बुडालेल्यांसाठी,
पळाला मालक आणि कागदावर फरार झाला कामगार,
त्यांच्यासाठी.
चांगलंच आहे. फक्त इथे नको.
शाळेपासून लांब. मॉलपासून लांब.
हॉटेलच्या खिडकीतून दिसणार नाही इतकं लांब.
वास येईल का, एकाने विचारलं.
मी वर्तुळ आणखी सरकवलं.

असं करत करत ते साजाला पोचलं,
सिमेंटच्या कारखान्यामागे,
जिथे जमीन स्वस्त, कारण तिथे काहीच नाही.
बससुद्धा नाही.
उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात आमच्याकडे.
इथे खरेच उंट होते कुंपणापलीकडे,
उपग्रहाच्या फोटोत तांदळाएवढे.

मी बोललो नाही.
ड्राफ्ट्समनने बोलायचं नसतं, मोजायचं असतं.
म्हणून मोजलं:
रोलाच्या बागेपासून सत्तावीस किलोमीटर.
टॅक्सीचे सत्तर दिरहम.
ज्याच्या खिशात सत्तर दिरहम आहेत
त्याचं आज रात्रीपुरतं तरी भागलेलं असतं.

दोन हजार नऊ साली त्या बागेत
मी अकरा रात्री काढल्या.
ऑफिसात कुणाला माहीत नाही. घरीही नाही.
आईला फोनवर सांगितलं होतं, खोली हवेशीर आहे.
अगदीच खोटं नव्हतं ते.

बाजूला शौकत होडेकर झोपायचा, दाभोळचा.
त्याने मला शहर शिकवलं.
पुठ्ठा फ्रिजचा घे, टीव्हीचा नको, पाय बाहेर राहतात.
पहाटेच्या अजानीला ऊठ, मग माळी पाणी सोडतो.
मशिदीच्या भिंतीवरचा कूलर रात्रभर गार असतो.
फोन चार्ज करायला पेशावरी न्हावी;
पैसे घेत नाही, पण दाढी करायला लावतो,
म्हणतो, असल्या तोंडाला काम कोण देईल?
आणि कोपऱ्यावर चार वाजता एक पिकअप येते,
नाव न विचारता माणसं उचलते.
सगळं होतं तिथे, चारशे पावलांत.
फक्त वर छप्पर नव्हतं.

विंचवाचं बिऱ्हाड निदान पाठीवर तरी असतं,
शौकत म्हणायचा,
आपलं तर कफिलाच्या तिजोरीत.

ऑगस्टमध्ये त्याला कुणीतरी सांगितलं,
साजाला एका कँपात खाटा रिकाम्या आहेत.
दोन बाटल्या पाणी घेऊन तो संध्याकाळी निघाला,
चालत.
मला त्याच आठवड्यात ही नोकरी लागली.
पुढचं मला माहीत नाही.
मी विचारलं नाही, हे जास्त खरं.

सहा वाजता सगळे उठले. ठरलं एकदाचं.
कुणीतरी उरलेल्या खजुरांवर झाकण ठेवलं.
मी फाइल बंद करायला थांबलो,
आणि बागेच्या मागे, करड्या रंगात,
पालिकेचं जुनं गोदाम दिसलं.
इतकी वर्षं मीच रंगवतोय ते करडं.
प्लॉट एकशे चौदा.
कूलरपासून साठ पावलं. न्हाव्यापासून नव्वद.

वर्तुळ उचललं.
सत्तावीस किलोमीटर परत आणायला
मनगट जरासं वळवावं लागलं, तेवढंच.

सेव्ह करायला संगणक नाव मागतो.
आधीच्या फाइलचं नाव होतं, अंतिम.
मी टाइप केलं: अंतिम, दुरुस्त.
पाठवण्याच्या बटणावर बोट ठेवून
बराच वेळ एसीचा आवाज ऐकत बसलो.

माझा व्हिसा मार्चपर्यंत आहे.