साधकबाधक

विषय क्रमांक तेरा, म्हणजे चौकातलं कारंजं,
अडीच तास चाललं.
कारंजं मंजूर झालं.
पाणी कुठून, तो वेगळा विषय, पुढच्या सभेत.

मग चौदा.
टिपणीत मी लिहिलं होतं :
आठवडी बाजारात महिला प्रसाधनगृह बांधणेबाबत.
अध्यक्ष म्हणाले, हां, ते चौदा नंबरचं घ्या.
उदगिरातला सगळ्यात मोठा नकाशा टेबलावर पसरला,
त्यावर कुणाच्या तरी चहाच्या ग्लासाचं ओलं कडं उमटलं,
आणि सगळे त्या कड्यापासून लांब लांब बोट ठेवू लागले.

मन्मथप्पा बिडवे म्हणाले, आडतीच्या भिंतीला नको,
तिथं तुरीचं माप होतंय, लक्ष्मी असते.
शाळेकडं नको.
पुतळ्यासमोर नको, तोंड तिकडं येतंय.
मग पाठ करा की.
पाठ? पाठ तर त्याहून वाईट.
दर्ग्याच्या अंगाला नको, मारुतीच्या अंगाला नको,
यावर दोन्हीकडची बाकं एक झाली,
चार वर्षांत पहिल्यांदा.
मी घड्याळ बघून ठेवलं. चार वाजून वीस.

तेव्हा प्रभाग अकरा उभा राहिला.
खैरुन्निसा बागवान.
हजेरीपुस्तकातल्या सहीपलीकडं
मला त्यांचा आवाज माहीत नव्हता.
प्रेक्षकांच्या बाकावरून दिरानं हातानं खुणावलं : बसा.
त्या बसल्या नाहीत.

"मी अठरा साल ह्या बाजारात केळ्याच्या गाड्यावर बसले.
तुमी कवाधरनं जागा कुठं, जागा कुठं करूलालेत.
आमाला इचारा ना. आमाला सगळ्या जागा म्हाईत हायेत.
उभ्या ट्रकच्या मागं.
कांद्याच्या थप्पीआड, दोघींनी लुगडं धरून.
मिरच्यावाली लंकाबाई तर पाणीच पीत नव्हती,
तिला लातूरला न्यावं लागलं.
त्यातली कोणचीबी घ्या.
आमची ना नाही."

पंखा तेवढा वाजत होता.
मागच्या बाकावर कुणी तरी हसलं,
मग खोकल्यासारखं केलं.
ताई भावनिक झाल्या, असं एक जण म्हणाला.
दुसऱ्यानं विचारलं, देखभाल कोण करणार?
तिसऱ्यानं, दर किती ठेवायचा?
चौथा मोबाईल कानाला लावून बाहेर गेला,
त्याच्यामागं सहा,
आणि कोरम संपला.

एकोणीस वर्षं मी ही वही लिहितेय.
नियम असा की कोण काय बोललं ते लिहायचं नाही,
काय ठरलं ते लिहायचं.
आणि काही ठरलं नाही तर त्यासाठी वाक्य तयार आहे,
माझ्या आधीच्या लिपिकानं दिलेलं, त्याला त्याच्या आधीच्यानं :
सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन
विषय तहकूब करण्यात आला.
लंकाबाई या वाक्यात कुठं बसवायची
ते मी बराच वेळ बघत राहिले.

सभागृह रिकामं झालं.
खैरुन्निसा माझ्या टेबलाशी आल्या.
मला वाटलं, विचारतील, लिहिलं का माझं?
खोटं उत्तर मी तयार ठेवलं होतं.
त्यांनी अगदी हळू विचारलं,
"इथं कुठं हाय वो?"

सभेच्या दिवशी मीसुद्धा सकाळपासून पाणी पीत नाही.
वरच्या मजल्यावर आहे एक दार.
त्याची किल्ली भांडारपालाकडं,
आणि भांडारपाल कुठं, ते शिपायाला माहीत.
शाईचं झाकण न लावता मी उठले.
दोघी जिना उतरलो, परत चढलो,
शेवटी झेरॉक्सच्या खोलीत सापडला.
किल्ली? कशाला? असं म्हणून
त्याचं त्यालाच कळलं, आणि त्यानं मान खाली घालून
रजिस्टर पुढं केलं.

नाव. वेळ. कारण.
कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत
वेगवेगळ्या बायांच्या अक्षरांत एकच शब्द :
वरीलप्रमाणे.
वरीलप्रमाणे.
पहिल्या ओळीत काय होतं बघावं म्हणून पानं मागं उलटली,
तर ते पान फाटलेलं होतं.