शेरा

सकाळचे आठ. पाणी शून्य मीटर एक्केचाळीस.
पहिल्या रकान्यात तारीख, दुसऱ्यात वेळ,
तिसऱ्यात पातळी, चौथ्यात तापमान.
पाचवा उरतो तो शेऱ्याचा.
त्यात साहेबांच्या मते एकच शब्द शोभतो:
निरंक.

एकोणीस वर्षं मी निरंक लिहितो आहे.

पट्टीची ही नोकरी माझ्याआधी बकाराम मारबत्यांची.
जाताना त्यांनी मला बॅटरी दिली, छत्री दिली,
आणि पाण्याकडे तिरपं बघायची सवय.
"लाट आली का घाई नोको करू बाबू.
थे वर जाते, खाली येते.
मंधात जे दिसते, थे लिव."
पुराच्या रात्री दर तासाला उतरायचो,
नदी एकेक पायरी माझ्याकडून परत घ्यायची,
आणि फोनमधून भंडाऱ्याचा झोपाळू आवाज विचारायचा,
किती?
मी आकडा सांगायचो.
खालच्या गावांत कोणीतरी बैल सोडायला उठायचं.

महिन्यातून दोनदा होडी.
या काठापासून त्या काठापर्यंत तार,
तारेवर ठरावीक अंतरावर लाल चिंध्या,
आणि पाण्यात गरगरणाऱ्या मापीच्या वाट्या.
खोलीचे दहा हिस्से धरून सहाव्यावर यंत्र सोडायचं,
असा नियम आहे.
वर नदी वाऱ्याचं ऐकते,
तळाशी दगडांचं.
सहाव्या हिश्शावर ती आपल्या चालीनं चालते.
मी कानाला लावून टिकटिक मोजतो.
घरी बायको काही बोलली
तर तेही आता तिथूनच ऐकतो.

यंदापासून बाटल्याही भरायच्या आल्या.
काचेची बाटली, गळ्यापर्यंत बुडवून,
एकही बुडबुडा आत न घेता,
नाहीतर हवाच नदीची साक्ष देते.
दोन औषधं सोडली की साका बसतो.
तपकिरी बसला, तर पाण्यात श्वास आहे.
पांढरा बसला, तर नाही.
गुरुवारी पांढरा बसला.
ताकाच्या निवळीखाली बसतो तसा, शांत, देखणा.
मी दुसरी बाटली भरली.
मग तिसरी.

सरजाबाई दिघोरे डोंग्यात जाळं झटकत होती.
मी बाटली तिच्यापुढे धरली. तिनं बघितलंच नाही.
"परवापासून झिंगे काठाले येऊन रायले,
मिशा बाहेर काढून.
तुह्या शिशीले आज समजलं का?"

आणि ते शून्य.
पट्टीचं शून्य कोणीतरी पूर्वी ठरवलं होतं,
इतकं खाली, की नदी कितीही आटली
तरी त्याच्या वरच राहावी.
मग रात्रीचे ट्रॅक्टर आले, मग टिप्पर.
वाळू गेली, तिच्यामागे तळ गेला.
मागच्या मे महिन्यात शून्य हवेत होतं,
पाण्यापासून दीड वीत वर,
आणि त्याच्या खिळ्यावर खंड्या बसलेला.
मी वही घेऊन उभा.
छापील रकान्यात उणे चिन्हाला जागा नव्हती.

साहेब आले, खाली नवी पट्टी ठोकून गेले.
आता जुळतं, म्हणाले.
जुळतं खरं.
फक्त बकाराममामांची जाड वही आणि माझी
एकाच कपाटात असून
एकमेकींशी बोलत नाहीत.

शुक्रवारी मी पाचव्या रकान्यात लिहिलं:
झिंगे काठाला. मिशा पाण्याबाहेर.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक काढलं,
जणू रकान्याला कळू नये.

सोमवारी फोन आला.
"हे काय लिहिलंय? कोणत्या एककात मोजलं?"
मी म्हटलं, सरजाबाईंच्या.
पलीकडे पंख्याचा आवाज येत राहिला,
कागद उलटल्याचा,
बराच वेळ.
मग साहेब हळूच म्हणाले,
"आज आहेत का अजून?"

थांबा, म्हटलं, बघून सांगतो.
फोन पायरीवर ठेवला,
चपला काढल्या.