गॉजचा हिशेब

गॉजच्या पट्ट्या आम्ही रात्री वाळत घालायचो,
बाभळीच्या काट्यांवर.
दिवसा बाहेर पांढरं काही दिसता कामा नये;
पांढरं दिसलं की विमानं यायची.
लेतेनकिएल फटफटायच्या आत उठायची,
चाचपडत एकेक पट्टी सोडवायची.
बोटं रक्ताळायची तिची,
आणि वर माझीच बोलणी खायची:
धुतलेल्याला पुन्हा डाग लावू नकोस.

दवाखाना म्हणजे डोंगराच्या पोटात ढकललेला
जहाजावरचा एक कंटेनर.
वर माती, मातीवर झुडपं.
दिवा चालायचा ट्रकच्या इंजिनावर.
ते ठसकलं की हात असेल तिथेच थांबवायचा,
धमनी चिमट्यात धरून
अंधारात आकडे म्हणायचे:
एक, दोन... कधी नऊ, कधी तीस.
उजेड परत यायचा.
माणूस दर वेळी यायचाच असं नाही.

ओक्बाझ्गी सतरा वर्षांचा, निदान तो तसं सांगायचा.
पोटात तोफगोळ्याचा तुकडा, बोराएवढा.
तुकडा काढला, आतडं सांधलं, पोट शिवलं,
आणि लेतेनकिएल म्हणाली, तेवीस.
वाळत घालताना चोवीस होत्या.
घाईत काढल्या, तेव्हा मोजल्या नव्हत्या.
बादली पालथी केली. टेबलाखाली रांगलो.
तेवीस.
मग ते ताजे टाके मीच कापले,
गुंगीचं उरलंसुरलं औषध त्याला दिलं
आणि मनगटापर्यंत हात घालून
शोधत राहिलो
तिथे नसलेली एक चिंधी.

सकाळी इद्रिसची शेळी दिसली,
ओहोळापाशी, निवांत,
तोंडातून पांढरं लोंबत असलेली.
लेतेनकिएल हसली. मग रडली.
मग ज्वारीची भाकरी मोडून
अर्धी माझ्या हातात दिली.

ओक्बाझ्गी जगला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला,
एक जखम त्यांची, दोन तुमच्या, डॉक्टर,
तुम्हीच जिंकताय.
दहा आठवड्यांनी खंदकात परत गेला.
पुढचं मला ठाऊक नाही.

युद्धकैदी आणला त्या रात्री बाहेर कुरकुर झाली:
आधी आपली पोरं घ्या.
नंबर जखम बघून लागायचा;
गणवेश तर आम्ही कापूनच टाकायचो.
त्याला नवी जखम बरगडीखाली,
आणि पोटावर एक जुनी शिवण, महिन्याभराची,
टाकेही न काढलेली.
डावखुरी गाठ. तिसरा फेर उलटा.
अदिसच्या कॉलेजात एकाच प्रेतावर
मी उजवीकडून शिकलो, तेसेमा डावीकडून.
ही गाठ सुटते रे, मी त्याला हजारदा सांगितलं होतं.
सुटली नव्हती.
आणि धागा? अस्सल रेशमी, पुडीतून काढलेला.
मी आमच्या मासेमारीच्या दोऱ्याकडे पाहिलं,
पातेल्यात उकळत होता.
खरं सांगतो, एवढ्या वर्षांत त्या बाजूचा
मनापासून राग आला तो तेव्हा.

तेसेमाच्या शिवणीला वळसा घालून कापलं.
मध्येच इंजिन ठसकलं. अकरापर्यंत मोजलं.
कैद्यानं अंधारात त्याच्या भाषेत
कुणालातरी हाक मारली;
ती भाषा मला येत होती,
मी ओ दिली नाही.

शेवटचा टाका झाला.
तेवीस, लेतेनकिएल म्हणाली.
आता तेवीसच होत्या आमच्याकडे.
मी म्हटलं, पुन्हा मोज.