पालथा

डिचोलीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानाला टेकून
माझं टायपिंगचं टेबल.
तेहतीस वर्षं मी इथे
दुसऱ्यांच्या वतीनं इंग्रजीत वाकतोय.
पानाला तीस रुपये.
त्यात दोनदा 'हंबली', एकदा 'काइंडली',
खाली 'युवर ओबिडियंट'.
कार्बन कॉपीचे वेगळे.

खाण बंद पडली त्या वर्षी सगुण मळीक आला.
टिपर त्याच्या नावावर, हप्ते बँकेच्या,
आणि चारी चाकांत गवत.
"बरय मरे," म्हणाला, "पायां पडटां म्हण."
मी लिहिलं.
तिसरा अर्ज परत आला तेव्हा समासात
कुठल्याशा साहेबाची लाल शाई:
डोन्ट ग्रोव्हल.

इतकंच. हो नाही, नको नाही.

सगुणानं विचारलं, काय म्हणतो?
मी म्हटलं, स्पेलिंग चुकलंय.

रात्री डिक्शनरी उघडली,
कसर लागलेली, पाठीचा कणा सुटलेली.
हा शब्द आधी क्रियापद नव्हताच.
थंड मुलखातल्या माणसांच्या तोंडी
ती नुसती एक तऱ्हा होती पडण्याची:
तोंड खाली, पाठ आभाळाला.
पालथा.
पालथा निजलेला. पालथा मेलेला.
'ग्रोव्हलिंग' म्हणत, आणि शेवटचं ते शेपूट
दिशा सांगायचं फक्त,
आपल्या 'आडवा'सारखं.
मग कधीतरी कुणाला वाटलं
हे शेपूट 'जातोय', 'खातोय'मधलं आहे.
त्यानं ते कापलं,
आणि हातात आलं एक क्रियापद,
जे कधीच कुणी केलं नव्हतं.
चुकून जन्मलेलं.
त्याला लगेच कामाला जुंपलं:
नाक घास, लाळ घोट, सरपट.

म्हणजे पडणं जुनं.
कुणापुढे, हे मागाहून आलं.

झोप येईना. डोळ्यांपुढे पालथी माणसं.
चर्चचं परिपत्रक द्यायला गेलो होतो एका गुड फ्रायडेला,
दार उघडं होतं,
फादर आग्नेल गार फरशीवर उपडे,
तांबडा झगा पाण्यासारखा पसरलेला.
ओल्या नेसणीनं देवळाभोवती लोटांगण घालणारी आवडूकाकी,
कोपरं सोललेली,
आणि चेहऱ्यावर अशी मिजास
की पुजारी बाजूला सरकला.
मानशीच्या फळीवर पोट टेकून
दारातल्या कुर्ल्या मोजणारा आठ वर्षांचा मी.
शेजारच्या शेवंतीचं बाळ,
परवाच पालथं पडलं,
तिनं साखर वाटली चाळीभर.
मान उचलून ते बघत होतं आमच्याकडे,
जणू आम्हीच कुठून तरी पडलो होतो.

आणि सगुण. त्यानं काम शोधत
दोन तालुके पालथे घातले.
हे मराठीत किती सहज येतं बघा,
माणूस उभा राहतो
आणि तालुका पालथा होतो.

पहाटे चौथा अर्ज टाइप केला.
'हंबली' नाही, 'बेग' नाही.
टिपरचा नंबर. सतरा वर्षं. एकही अपघात नाही.
थकलेल्या हप्त्यांचा आकडा.
मला काम हवं आहे.
खाली सही.
पान अर्धं कोरं राहिलं.

सगुणानं ते उलटून पाहिलं,
मागे काही आहे का म्हणून.
"इतलेंच?"
मग खिशातून पंधरा रुपये काढले.

मी तीस मागितले.
तो हसला, खूप दिवसांनी, आणि भांडला माझ्याशी
चांगला बसस्टँडला ऐकू जाईल असा,
मान वर करून.