काडकुरी

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या वळणावर
काजूच्या टेम्पोनं उडवलेलं भेकर
पहाटे साडेपाचला अजून कोमट होतं.
गार्ड फकीरप्पाचा फोन आला तशी
मी मिळाली त्या दुधाच्या गाडीनं निघाले,
मांडीवर बर्फाचा डबा,
हातापायांना सरकारी तेलाचा उग्र वास.

फॉर्मवर पहिला रकाना प्राण्याच्या नावाचा.
मी लिहिलं भेकर.
फकीरप्पा वाकून बघत म्हणाला, काडकुरी.
म्हणजे रानातली मेंढी.
दोन्ही लिहिलं. जागा होती.

लिंग: मादी.
वय: दात बघितले, झिजलेले.
मृत्यूचं कारण: टेम्पो.
आजाराची लक्षणं:
नाहीत.

हे ‘नाहीत’ शोधायलाच तर मला पाठवलंय.
माकड फांदीवरून पडतं
तेव्हा उशीर झालेला असतो;
पंधरा दिवसांत कुणीतरी काजू वेचणारी
डोकं गच्च धरून अंगणात बसते.
भेकराचं तसं नाही.
त्याला ताप येत नाही, ते चरत राहतं,
काय येऊन गेलं ते त्याच्या गावीही नसतं.
रक्ताला मात्र माहीत असतं,
आणि रक्त तोंडओळखसुद्धा
बरेच दिवस जपून ठेवतं.

सुई टोचली. दाट, काळपट,
नळी भरायला वेळ लागला.
मग कानामागे चिमटा.
तिळाएवढ्या, राईएवढ्या,
एक तर नुसती धूळ,
पण पाय हलवणारी धूळ.
मी म्हणते गोचीड, तो म्हणतो उण्णी,
तो मोजतो ओंदू, एरडू, मूरू,
मी मनात मोजते मराठीत.
एकोणचाळिसाला चुकामूक झाली.
बाटली उपडी करून
पुन्हा पहिल्यापासून.

तेवढ्यात म्हशी हाकत
वरच्या धनगरवाड्यातली भागू झोरे आली.
थांबली. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
‘गेल्या शिमग्याला मला बी ताप हुता.
बारा दीस. हिरड्यातनं रगत आलं.
खानापुरात म्हनले मलेरिया न्हाई,
बेळगावात म्हनले टायफॉइड न्हाई.
मंग काय हुतं, त्ये कुनीच न्हाई सांगितलं.
मेलेल्या भेकराला इचारतीस,
मला इचार की.’

बाही वर करून तिनं हात पुढं केला.

मी म्हणाले, बाई, मी जनावरांच्या खात्यातली.
माझी सुई माणसाला चालत नाही.
या कागदात माणसाचा रकानाच नाही.

ती हसली. तंबाखूनं काळे झालेले दात.
‘मंग लिही की काडकुरी.’

फकीरप्पा हसला नाही. मीही नाही.
एका कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर
आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना चार ओळी खरडल्या,
सही केली, तारीख घातली.
तिनं कागद घडी करून कनवटीला लावला
आणि म्हशींमागे निघून गेली.
ती गेली का तिथं, मला माहीत नाही.
पुढच्या आठवड्यात विचारणार होते,
पुढच्या आठवड्यात नागरगाळीला चितळ सापडलं.

पंचनाम्याला साहेब येईपर्यंत दहा वाजले.
भेकर जाळलं. नळीवर चिठ्ठी: सतरा.
अहवाल यायला सहा आठवडे,
म्हणजे बागांतला काजू संपून
बोंडं सडायला लागतील तेव्हा.

रात्री मोजे उलटे करून झटकले.
मुलगी बॅटरी घेऊन
माझ्या गुडघ्यांमागे, मानेवर, केसांच्या कडेला
एक एक इंच शोधत राहिली,
परीक्षेचा अभ्यास करावा तशी.
‘आई, इथं काहीतरी आहे.’
नखानं हलकेच खरवडलं.
पुन्हा एकदा खरवडलं.
‘तीळ आहे,’ म्हणाली.
‘जुनाच.’